अनड्राफ्टेड रनिंग बॅकचं करिअर बघताना या चुका टाळा

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नव्याने बघायला लागलेल्यांची पहिली चूक म्हणजे ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे) नाव आलं नाही म्हणजे आयपीएलमध्ये अनसोल्ड राहिल्यासारखं, बसा घरी. असं नसतं हो. सात राउंडमध्ये अडीचशेच्या वर नावं जातात आणि शेवटचं नाव पुकारलं रे पुकारलं की उरलेल्यांच्या एजंटचे फोन वाजायला लागतात. गंमत म्हणजे ड्राफ्ट झालेल्याला टीम निवडता येत नाही, न झालेल्याला येते! (अर्थात दोन-तीन टीमने विचारलं तर.) अशा वेळी नुसता साइनिंग बोनस बघून हो म्हणणं हा घोळ, तिथे आधीच किती रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारे) बसलेत ते आधी बघायचं असतं.

बरं, साइन केलं म्हणजे टीममध्ये आला असंही नाही. कॅम्पमध्ये ९० जण, ऑगस्ट संपेपर्यंत उरतात ५३, बाकीच्यांतले काही प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावापुरता राखीव गट). अनड्राफ्टेड एरियन फॉस्टर २००९ चा बराचसा सीझन तिथेच होता, आणि २०१० च्या पहिल्याच मॅचला कोल्ट्सविरुद्ध २३१ रशिंग यार्ड (बॉल घेऊन धावत कापलेलं अंतर), सीझनअखेर १,६१६, लीगमध्ये पहिला नंबर.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक, फक्त रशिंग यार्डचा कॉलम बघून 'काही कामाचा नाही' म्हणणं. रहीम मोस्टर्टचं बघा, २०१५ पासून ईगल्स, डॉल्फिन्स, रेव्हन्स, ब्राउन्स, जेट्स, बेअर्स सगळ्यांनी सोडलं, सुरुवातीच्या वर्षांत कॅरी (बॉल घेऊन धावण्याच्या संधी) अगदी मूठभर, मग तो टिकला कसा? स्पेशल टीम्समुळे (किकच्या वेळी मैदानात उतरणारा वेगळा गट). किक रिटर्न करायचा, पंटच्या (बॉल लाथेने लांब समोरच्या टीमकडे मारण्याच्या) वेळी सगळ्यात पुढे धावत जाऊन टॅकल करायचं, आणि हे रशिंगच्या कॉलममध्ये कुठेच दिसत नाही पण कोचला दिसतं. जानेवारी २०२० मध्ये फोर्टी नायनर्सकडून पॅकर्सविरुद्ध २२० यार्ड आणि चार टचडाउन मारले तेव्हा लोक विचारत होते हा कोण! ज्या ज्या तारखांना टीमने काढलं त्यांची यादी तो मॅचआधी वाचायचा म्हणे, मला तर हे भारीच वाटतं. ऑस्टिन एकेलरचं पण तसंच, नुसतं रशिंग बघून चालत नाही, त्याने पकडलेले पास (कॅच) धरल्याशिवाय हिशोब लागतच नाही.

एक सीझन गाजला की जागा पक्की, हे तर डोक्यातून काढाच. जेम्स रॉबिन्सनने २०२० मध्ये जॅग्वार्सकडून रुकी (पहिल्याच वर्षाचा खेळाडू) म्हणून १,०७० यार्ड काढले आणि पुढच्याच ड्राफ्टमध्ये टीमने पहिल्या राउंडला ट्रॅव्हिस एटिएन घेतला, मग डिसेंबर २०२१ मध्ये रॉबिन्सनची अकिलीस (टाचेमागची शीर) फाटली, ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्रेड, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन टाकला. फिलिप लिंडसेने ब्रॉन्कोससाठी पहिले दोन्ही सीझन हजारच्या वर नेले तरी २०२१ मध्ये तो दुसरीकडे. ज्याच्यावर ड्राफ्टमधला पिक (निवडीची पाळी) खर्च केलाय त्याला टीम जास्त चान्स देते, सरळ आहे. म्हणून असा प्लेअर चांगला खेळत असेल तर त्याचा आकडा बघून खूश होण्याआधी टीमने एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये कोणाला उचललं ते बघा.

वयावरून पण घाईत निकाल देऊ नका, मोस्टर्टचा पहिला हजार यार्डचा सीझन २०२३ चा, वय ३१, आणि त्यात रशिंग टचडाउन १८.