एअरबसच्या मागे सेसना उतरवताना

सेसना १७२ या छोट्या विमानावर शिकणाऱ्या पोरांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती आडव्या वाऱ्याची. मला धास्ती असते वारा नसण्याची. डिसेंबर-जानेवारीतली नागपूरची सकाळ, टॉवर सांगतो ‘विंड काम’ (calm), म्हणजे वारा नाहीच, योक (विमानाचं हँडल) दोन बोटांत धरली तरी विमान सरळ चाललंय, आणि पुढे फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, एअरबस ३२०. विद्यार्थी खूश असतो. माझं लक्ष मात्र एअरबसवरून हलत नाही.

उडणाऱ्या विमानाच्या पंखाखाली दाब जास्त असतो, वर कमी. त्यामुळे टोकाशी हवा खालून वर वळते आणि दोन्ही पंखांमागे एकेक भोवरा सुटत जातो. विमान जितकं जड आणि वेग जितका कमी, तितका तो जोरकस. उतरणारी एअरबस साठेक टनांची, आपण भरलेल्या टाक्यांसकट अकराशे किलोच्या आसपास. भोवऱ्याच्या फिरकीपुढे आपले एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) कमी पडू शकतात, आणि फायनलवर सावरायला उंची नसते.

हे भोवरे मिनिटाला ३०० ते ५०० फूट खाली बसतात. जमिनीपासून शे-दोनशे फुटांवर आले की खाली जायला वाट उरत नाही, मग ते एकमेकांपासून लांब, बाजूला सरकू लागतात, साधारण २-३ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). आता तेवढाच आडवा वारा असला, तर वाऱ्याच्या बाजूचा भोवरा धावपट्टीवरच ठाण मांडून बसतो. मागून येणारा हलका तिरका वारा त्याहून वाईट, कारण तो भोवरा पुढे ढकलतो, म्हणजे तुम्ही सुरक्षित समजून जिथे टेकणार नेमकं तिथे. मे महिन्यातली दुपार अंग घुसळून काढते खरी, पण त्या खवळलेल्या हवेत भोवरे लवकर विस्कटतात. शांत हवेत ते मिनिटंच्या मिनिटं रेंगाळतात.

तर करायचं काय? पुढच्या विमानाच्या मार्गाच्या वर राहायचं आणि ते जिथे टेकलं त्याच्या पुढे टेकायचं. चाकं टेकली, नाक खाली आलं की पंख वजन सोडतात आणि भोवरे सुटायचे थांबतात.

टेकण्याची जागा डोळ्यांनी पकडा. टायरमधून पांढऱ्या धुराचा फुगारा उठतो, तो कुठल्या टॅक्सीवेसमोर उठला ते मोठ्याने बोला. ‘सर, दिसला’ एवढं मला पुरत नाही. कुठे दिसला ते सांग. एअरबस बहुधा पापीच्या (PAPI, उतरण्याचा कोन दाखवणारे धावपट्टीशेजारचे चार दिवे) दोन पांढऱ्या-दोन लाल दिव्यांवरून येते. आपण तीन पांढरे, एक लाल ठेवायचे. नागपूरची धावपट्टी सुमारे ३,२०० मीटरची. पहिले सहा-सातशे मीटर सोडून दिले तरी उरलेल्यात सेसना आरामात थांबते. धावपट्टीच्या सुरुवातीला रंगवलेल्या आकड्यांवरच चाकं टेकवायची हौस असते पोरांना. ती लहान पट्टीवर पुरवा. मात्र वर राहायचं म्हणजे शेवटी नाक खाली खुपसून वेग वाढवायचा नव्हे. फायनलचे ६५ नॉट ६५च राहू द्या.

आता टॉवरबद्दल. आपण हलक्या वर्गात, म्हणजे ७,००० किलो किंवा कमी. एअरबस ३२० मध्यम वर्गात. तिच्यामागे उतरताना आपल्याला ३ मिनिटं मिळतात, रडारवर ५ सागरी मैल. पण ‘ट्रॅफिक इन साइट’ (पुढचं विमान दिसतंय) म्हणालात आणि टॉवरने तिच्यामागे यायला सांगितलं, की अंतर राखणं तुमच्या गळ्यात पडतं. घाई वाटली तर डाउनविंड, म्हणजे फायनलआधीचा धावपट्टीला समांतर टप्पा, लांबवायची परवानगी मागा, बेलाशक.

हे फक्त सेसनावाल्यांचं दुखणं नाही. १५ डिसेंबर १९९३ ला कॅलिफोर्नियातल्या सँटा अॅना इथे बोइंग ७५७च्या मागे उतरणारं वेस्टविंड जेट कोसळलं आणि पाचही जण गेले. ते ७५७च्या फार जवळ होतं आणि तिच्या मार्गाच्या खालून येत होतं. त्यानंतर अमेरिकेत ७५७मागचं अंतर वाढवलं गेलं.

पुढचं विमान उतरत नसून उडत असेल तर हिशोब उलटा. त्याने नाक उचललं तिथून भोवरे सुरू होतात, म्हणून त्या जागेच्या बरंच आधी टेका. आणि पुढच्या मोठ्या विमानाने गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता पुन्हा चढाई केली असेल, तर सबंध धावपट्टीवर भोवरे पडलेले असतात, ‘पुढे टेका’ला अर्थ राहत नाही. सरळ दोन-तीन मिनिटं थांबा.

एवढं करूनही सापडलातच, तर विमान अचानक एका अंगावर जातं. लगेच पूर्ण थ्रॉटल, उलट दिशेला एलेरॉन, योक मागे ओढायची नाही, पंख सपाट झाले की चढायचं. रडर (उभ्या शेपटावरची झडप, पायांनी चालते) लागेल तेवढाच, एलेरॉनच्या जोडीने. डावा-उजवा आपटायचा नाही. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कहून उडालेली एअरबस ए३०० एका ७४७च्या भोवऱ्यात शिरली. सहवैमानिकाने रडर आलटून-पालटून जोरात दाबला, उभं शेपूट तुटून पडलं, आणि जमिनीवरच्या पाच जणांसह २६५ माणसं गेली. भोवरा स्वतः तेवढा जीवघेणा नव्हता.

गो-अराउंडनंतर पुन्हा फायनलवर वळण्याआधी टॉवरला एका वाक्यात सांगा: भोवरा कुठे, किती उंचीवर लागला. मागे दुसरी सेसना असेल.