स्ट्रीट स्केटबोर्ड जमवताना आणि सांभाळताना या चुका टाळा

जपानच्या युतो होरिगोमेने टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठच्या दोन ऑलिम्पिकमध्ये स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट प्रकाराचं, म्हणजे पायऱ्या-कठड्यांवरच्या कसरतींचं, पुरुषांचं सुवर्णपदक जिंकलं. ते बघून हुबेहूब प्रो मंडळींसारखा बोर्ड हवासा वाटणं साहजिक आहे. पण तो बोर्ड गुळगुळीत काँक्रीटसाठी असतो. वाशी-नेरूळमध्ये तशी जमीन शोधावी लागते, शिवाय आपला पावसाळा लांबलचक. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे.

चाकं जमीन न बघता घेणं

प्रो स्ट्रीट स्केटर साधारण ५० ते ५४ मिमी व्यासाची, ९९ए ते १०१ए कडकपणाची (आकडा मोठा तितकं चाक कडक) चाकं वापरतात. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर हीच चाकं पाय बधिर करतात आणि बारीकशा खड्यालाही अडून तोंडावर पाडतात. पेव्हर ब्लॉकवरून किंवा खडबडीत रस्त्यावरून रोज जायचं असेल तर ७८ए ते ८५ए ची मऊ, थोडी मोठी चाकं घ्या. मात्र वळताना ती डेकला, म्हणजे उभं राहायच्या फळीला, घासली तर बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि आपण पुढे फेकले जातो. डेक आणि ट्रकच्या (चाकं धरणाऱ्या धातूच्या सांगाड्याच्या) मध्ये रायझर पॅड, म्हणजे उंची वाढवणारी पट्टी, घाला, बोल्टही तेवढे लांब घ्या. ट्रिकसाठी कडक चाकांचा जोड वेगळा ठेवा. दोन्ही कामं एकाच जोडात बसवायला गेलात तर एकही धड होत नाही.

ट्रकवरचा आकडा चुकीचा वाचणं

इंडिपेंडंट या कंपनीच्या ट्रकवरचा १४९ हा हँगरची, म्हणजे ट्रकच्या आडव्या भागाची, मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. त्यातून जाणारा अॅक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, ८.५ इंचांचा, म्हणून डेकही ८.५ च्या आसपासचा हवा. प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे, तेव्हा विकत घेताना अॅक्सलची रुंदी विचारा. अॅक्सल आणि डेकच्या रुंदीत पाव इंचापेक्षा जास्त फरक नको.

बेअरिंगचे हाल

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, तेही विनाकारण. चाक फिरत नाही म्हणून लोक थेट नवीन बेअरिंग आणतात. आधी अॅक्सलचा नट बघा. तो फार आवळलेला असेल तर १३ मिमीच्या पान्याने थोडा सैल करा, चाक अॅक्सलवर डावी-उजवीकडे अगदी किंचित हललं पाहिजे. तरीही खरखर येत असेल तर बेअरिंग काढा, टाचणीने झाकण उचला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा आणि शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा. गंज सोडवणारा स्प्रे नुसता मारून ठेवू नका. तो आतलं ग्रीस धुऊन काढतो आणि पुढच्या पावसात गंज हमखास चढतो. बेअरिंगवर लिहिलेल्या एबेक ९ या दर्जासाठी जास्तीचे पैसेही मोजू नका. ते मोजमाप यंत्रांतल्या बेअरिंगच्या अचूकतेचं आहे, उडी मारून आदळताना बसणाऱ्या धक्क्याचा त्यात विचारच नाही.

ओल्या डेकवर उड्या

डेक म्हणजे मेपलचे सात पातळ थर, गोंदाने चिकटवलेले. पाणी शिरलं की थर सुटतात, पॉप (डेकची उसळी) जातो आणि तो परत येत नाही. पावसात बोर्ड बाहेर काढू नका, भिजलाच तर पुसून पंख्याखाली उभा करून ठेवा, उन्हात नको. ट्रकच्या बोल्टांभोवती अधूनमधून बोट फिरवा. नखाला भेग लागली तर त्या डेकवरून पायऱ्यांवर उडी मारायची नाही, मग वरची खरखरीत ग्रिप टेप कितीही नवी असो.