खाणीच्या गावात पणजोबा शोधायला जायच्या आधी

आपल्यातल्या बऱ्याच जणांची सोयरीक आता इंग्लंडात जुळलीये, आणि त्यातही कुणाचं सासर डरहॅम काउंटीच्या कोळसापट्ट्यातलं असेल तर घरात कधी ना कधी विषय निघतोच, की आजोबा खाणीत होते, पण त्याआधी घराणं कुठलं, कुठनं आले, ते नीट कुणालाच सांगता येत नाही. आमच्याकडंही तसंच होतं. नवऱ्याचे आजोबा ईझिंग्टन कोलियरीचे (कोलियरी म्हणजे कोळशाची खाण), एवढंच माहीत. लेकीनं खनपटीला बसून विचारायला सुरुवात केली तेव्हा आम्ही तिघं कामाला लागलो, आणि गावी जाण्याआधी काय काय हाताशी हवं ते हळूहळू कळत गेलं. तुम्ही निघणार असाल तर ही तयारी आधी करा, निम्मा वेळ वाचेल.

सुरुवात घरातनं. सासूबाईंच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात रेशनकार्ड, लग्नाचे फोटो, युनियनचं कार्ड, आणि तळाशी पितळेचा एक गोल बिल्ला, वर भोक, कडेनं कोलियरीचं नाव, मधे नंबर. हे टोकन. खाली उतरताना टोकन द्यायचं आणि वर आल्यावर परत घ्यायचं, म्हणजे आत कोण कोण आहे ते वरच्यांना कळायचं. असं काही सापडलं तर ते घासूनपुसून चकचकीत करायला जाऊ नका, आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. त्यावर एन सी बी, म्हणजे सरकारी नॅशनल कोल बोर्ड, ही अक्षरं असतील तर ते १९४७ नंतरचं, कारण खाणी सरकारी झाल्या १ जानेवारी १९४७ ला, आणि जुन्या खाजगी कंपनीचं नाव असेल तर बहुतेक त्याआधीचं. सासूबाई तो बिल्ला हातात धरून बराच वेळ गप्प बसल्या होत्या, म्हणून सांगते, हा डबा त्यांच्याबरोबर बसूनच उघडा, एकट्यानं नको.

मग गावाचं नाव पक्कं करा. ऐकायला सोपं वाटतं पण आमचे जवळजवळ दोन महिने यातच गेले. ईझिंग्टन व्हिलेज हे टेकडीवरचं जुनं गाव, सेंट मेरी चर्चवालं. ईझिंग्टन कोलियरी हे त्याच्या खाली समुद्राकडं, खाणीसाठीच वसवलेलं. ईझिंग्टन लेन हे आणखी वेगळं, हेटनच्या बाजूला. शिवाय ईस्ट यॉर्कशायरमधे एक ईझिंग्टन आहे आणि रेडकारच्या खाली अजून एक. आणि जन्ममृत्यूच्या इंडेक्समधे जे ईझिंग्टन दिसतं तो रजिस्ट्रेशनचा अख्खा डिस्ट्रिक्ट आहे, त्यात सीहॅमसारखी गावंही येतात, त्यामुळं इंडेक्समधे ईझिंग्टन दिसलं की आपलंच गाव असं धरून चालू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. खाणवाल्या कुटुंबाचा माग गावावरनं काढू नका, खाणीवरनं काढा. ही माणसं एका जागी राहायचीच नाहीत. डरहॅममधे १८७२ पर्यंत वर्षावर्षाचा करार असायचा, बाँड म्हणायचे त्याला, तो संपला की बिऱ्हाड हलवून पुढच्या खाणीवर. घर कंपनीचं, कोळसा कंपनीचा, काम सुटलं की घरही सुटलं, आणि संप झाला की सामान रस्त्यावर, १८४४ च्या संपात तर कितीतरी कुटुंबं अशी बाहेर काढली. ईझिंग्टनचंच बघा, शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, खणायला सुरुवात १८९९ मधे, जमिनीत पाणी इतकं लागलं की माती गोठवून खणावं लागलं, कोळसा वर यायला १९१० उजाडलं. म्हणजे १९११ च्या जनगणनेत तिथं सापडणारी मोठी माणसं जवळपास सगळीच बाहेरनं आलेली. कुणी डरहॅमच्याच पश्चिमेकडच्या संपत आलेल्या खाणींवरनं, कुणी आयर्लंडहून, कुणाचे वाडवडील कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणी बंद पडल्यावर उत्तरेला आलेले.

म्हणून निघण्याआधी घरबसल्या जनगणनेचे कागद उतरवून घ्या, १८४१ ते १९२१ पर्यंतचे दर दहा वर्षांचे मिळतात. १८४१ च्या कागदावर फार विसंबू नका, त्यात १५ वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचा नियम होता आणि जन्म याच काउंटीतला का एवढंच विचारलेलं. १८५१ पासून मात्र प्रत्येकाचं जन्मगाव असतं, आणि इथंच खरी गंमत आहे, बापाचं नाही तर मुलांची जन्मगावं बघत जा. थोरला एका गावात, मधली दुसरीकडं, धाकटा तिसरीकडं, हा बापाच्या खाणींचा नकाशाच झाला, फक्त त्या गावांपुढं मुलांच्या वयावरनं सालं मांडायची. आम्ही एका मोठ्या कागदावर हे मांडलं आणि दोन पिढ्या एका दुपारी जुळल्या.

१९११ चा कागद तर पूर्ण प्रिंट काढून बरोबर न्या. तो घरातल्या कर्त्यानं स्वतःच्या हातानं भरलाय, म्हणजे पणजोबांचं अक्षर बघायला मिळतं. त्यात लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती, वारली किती, असे रकाने आहेत. आमच्या कागदावर मुलांच्या रकान्यांत ११, ७, ४ असे आकडे आहेत. त्या चौघांची नावं घरात कुणालाच माहीत नव्हती. ती शोधायची म्हणून मी जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, ऑनलाइन इंडेक्समधे बसले, तिथं अकाउंट फुकट उघडता येतं आणि १८३७ पासूनच्या जन्मांपुढं आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं, त्यामुळं चौघंही सापडली. ज्यांच्या मागं दुसरा काहीच कागद नाही अशा लेकरांची नावं तरी यादीत आधी लिहा.

१९२१ च्या कागदात मालकाचं नाव आणि कामाची जागा लिहिलेली असते, म्हणजे कुठली खाण ते थेट कळतं. पण एक लक्षात ठेवा, ती मोजणी एप्रिलमधे व्हायची ती कामगारांच्या गडबडीमुळं १९ जूनला गेली, आणि तेव्हाही खाणकामगारांना मालकांनी कामाबाहेर ठेवलेलंच होतं, त्यामुळं पणजोबांपुढं बेकार लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, अख्खा पट्टा तेव्हा घरी बसलेला होता. त्यानंतर १९३१ ची मोजणी आगीत जळाली, १९४१ ला झालीच नाही, मधे आधार एकच, २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर, म्हणजे महायुद्ध सुरू झाल्यावर केलेली घरोघरच्या माणसांची नोंद. त्यात बायकांच्या कामाच्या रकान्यात जिथं तिथं 'अनपेड डोमेस्टिक ड्यूटीज', म्हणजे बिनपगारी घरकाम, लिहिलंय. नवरा एका पाळीला, दोन पोरं दुसऱ्या पाळीला, प्रत्येकाचं अंघोळीचं पाणी चुलीवर तापवून पत्र्याच्या टबात ओतायचं, काळे कपडे झटकायचे, वेगवेगळ्या वेळेला ताटं, आणि कागदावर ते तीन शब्द. मला त्याचा अजून राग येतो. बायकांचं जे काही कळेल ते माणसांना विचारूनच, म्हणून तुमच्या प्रश्नांच्या यादीत आजीबद्दलचे प्रश्न आजोबांच्या बरोबरीनं ठेवा. त्याच रजिस्टरात पुढं लग्न झालेल्या मुलींचं नवं आडनाव नंतर वर लिहिलेलं असतं, ते चुकवू नका.

कामाची नावं आधीच समजून घ्या. ट्रॅपर म्हणजे हवेची दारं उघडबंद करणारा पोरगा, पटर म्हणजे कोळशाच्या गाड्या ढकलणारा, ह्यूअर म्हणजे प्रत्यक्ष कोळसा फोडणारा, डेप्युटी म्हणजे सुरक्षा बघणारा. एकाच माणसापुढं दर जनगणनेत वेगळा शब्द दिसला तर माणूस वेगळा समजू नका, वय वाढलं तसं काम बदललं. तिथल्या बोलीतलेही चारदोन शब्द लिहून न्या, बेट म्हणजे जेवणाचा डबा, मॅरा म्हणजे जोडीदार, म्हातारी माणसं हे सहज बोलून जातात.

अपघातात कुणी गेलं असेल तर मृत्यूच्या दाखल्यावर इन्क्वेस्टचा, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या चौकशीचा, उल्लेख येतो, ती तारीख घेऊन त्या आठवड्याचे स्थानिक पेपर बघा, साक्षीदारांचं बोलणंसुद्धा छापलेलं असतं. स्फोटांची नावं सगळ्यांना माहीत असतात पण जास्तीत जास्त माणसं छताचा दगड पडून एकेकटी गेलीत. डरहॅम मायनिंग म्युझियमनं मेलेल्यांच्या याद्या खाणीप्रमाणं लावल्यात, तिथं नाव आधी शोधून ठेवा. ईझिंग्टनला २९ मे १९५१ ला पहाटे स्फोट झाला, कोळसा कापणाऱ्या मशीनचे दात पायराइट नावाच्या खनिजावर घासून ठिणगी पडली, गॅस पेटला आणि कोळशाच्या धुळीनं आग पुढं नेली. ८१ कामगार आणि त्यांना काढायला गेलेले २ जण गेले. गावात अजून त्यांची मुलं, नातवंडं आहेत, तेव्हा या विषयावर प्रश्न विचारायचे तर आधी परवानगी मागा. खाणकामगारांच्या १९८४-८५ च्या संपाचंही तसंच, कोण कामावर परत गेलं हे परक्यानं विचारायचं नसतं, त्यांनीच काढलं तर ऐका.

डरहॅम शहरात माउंट ऑस्वाल्डला 'द स्टोरी' आहे, काउंटीचं रेकॉर्ड ऑफिस आता तिथंच. आधी बुकिंग करा, कॅटलॉगमधले नंबर घरूनच उतरवून न्या, पेन्सिल न्या, अशा ठिकाणी पेन चालत नाही. मेथडिस्ट चॅपलची, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या पंथाच्या प्रार्थनाघरांची, रजिस्टरं विसरू नका, खाणवाले बरेचसे चर्चपेक्षा चॅपलला जाणारे होते. आणि शाळेचं प्रवेश रजिस्टर मागाच, कारण त्यात पोरगं आधी कुठल्या शाळेत होतं ते असतं, म्हणजे पुन्हा एकदा मागची खाण हाती लागते. कामगारांच्या वैयक्तिक फायलींची आस मात्र धरू नका.

जुने नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर फुकट आहेत, इंग्लंडचेसुद्धा. १९ व्या शतकाच्या नकाशात कोलियरीच्या जागी नुसती शेतं दिसतील, पुढच्यात घरांच्या रांगा. ईझिंग्टनच्या गल्ल्या ए, बी, सी अशा आद्याक्षरांनी लावलेल्या, शेजारच्या हॉर्डनला तर रस्त्यांना नुसते नंबर. तुमचं गाव नकाशावर सापडलंच नाही तर तेही खरं असू शकतं, १९५१ मधे काउंटीनं ११४ गावं डी वर्गात टाकली, म्हणजे तिथं नवीन काही बांधायचं नाही, हळूहळू उठू द्यायची, काही खरंच पाडली.

प्रत्यक्ष जाताना रेनकोट आणि चिखलाचे बूट हवेतच, समुद्रावरचा वारा मे महिन्यातही कापतो. खाण १९९३ ला बंद झाली, त्या जागेवर आता गवत आहे आणि माणसं उतरवायचा एक पिंजरा स्मारक म्हणून उभा केलाय, तिथं घरातल्या म्हाताऱ्यांना न्यायचं असेल तर बसायला घडीची खुर्ची गाडीत टाका. कबरस्तानात जायच्या आधी कबरीचा नंबर विचारून घ्या, नाहीतर रांगांतनं फिरतच राहाल. दगडावरचं वाचता येत नसेल तर खरवडू नका, टॉर्च बाजूनं तिरपा धरा, अक्षरं उठून येतात. आम्ही त्या दिवशी चार लेकरांची नावं लिहिलेला कागद घेऊन गेलो होतो. दगडावर फक्त दोघांची होती. बाकीच्या दोघांसाठी दफनाचं रजिस्टर बघायचंय, तेवढं पुढच्या खेपेच्या यादीत लिहून ठेवलंय.