ग्राहक आयोगात तक्रार कशी करायची, आणि कुठे अडतं

आमचा फ्रिज आठ महिन्यात बंद पडला, कंपनीचा माणूस चारदा येऊन गेला आणि शेवटी म्हणे व्होल्टेजमुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही. बिल शोधलं तर सापडलं पण कोरा कागद, अक्षरं पार उडालेली, नुसता दुकानाचा जांभळा शिक्का उरलेला. दुकानदार भला म्हणून दुसरी प्रत काढून दिली. तेव्हा वस्तू घरात आली की लगेच बिल आणि वॉरंटी कार्डाचा फोटो काढा.

दुसरं, फोनवर भांडत बसू नका, ईमेल करा, तारखेसकट पुरावा राहतो. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलता येतं, बरीच प्रकरणं इथेच मिटतात पण हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही हे लक्षात असू द्या. नाहीच ऐकलं तर स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा आणि ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्याच जिल्हा आयोगात केस टाकता येते, कंपनीच्या गावाला हेलपाटे नाहीत. वकील लागतोच असं नाही आणि वस्तूला मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी शून्य. फक्त दोन वर्षांच्या आत टाका, कंपनी "बघतो, करतो" म्हणत राहते आणि आपली मुदत निघून जाते.

आता दुखणं. कायद्यात तीन महिन्यात निकाल लिहिलाय, वस्तू तपासायला लॅबला पाठवायची असेल तर पाच, पण आयोगात सदस्यांच्या जागाच रिकाम्या असतात आणि तारखेवर तारीख पडते, माझ्या साध्या फ्रिजला दीड वर्ष लागलं, ज्याचं हातावर पोट आहे त्याने दर तारखेला रोज बुडवून यायचं का? शिवाय विकायला घेतलेला माल या कायद्यात येत नाही, फुकट मिळालेली सेवाही नाही.

आणि निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही. विरुद्ध पार्टी ४५ दिवसात राज्य आयोगात अपील करू शकते, पण त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत असं झालं तर त्याच आयोगात वसुलीचा अर्ज टाका, कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, माझे पैसे हा अर्ज टाकल्यावरच आले.