जागेपणीच्या मेंदूशस्त्रक्रियेत शिरेत हवा शिरल्यास

बोलण्याच्या केंद्रालगतची गाठ काढताना रुग्णाला जागे ठेवतात, तेव्हा भूलतज्ज्ञाने एक धोका सतत ध्यानात ठेवावा. डोके हृदयापेक्षा उंच असले, की हाडातील उघड्या शिरा हवा आत ओढू शकतात. त्यातच रुग्ण स्वतःच्या श्वासावर असल्यामुळे प्रत्येक दीर्घ श्वासासरशी छातीतील दाब आणखी उतरतो, आणि गुंगी वाढून तो घोरू लागला तर ही ओढ फारच बळावते.

पहिली खूण बहुधा यंत्रावर नव्हे, रुग्णाकडून मिळते: अकारण खोकल्याची उबळ, छातीत दडपण, एकाएकी घाबरेपणा. आमच्या इंदूरच्या मराठी घरांतील रुग्ण शस्त्रक्रियागृहात हिंदी बोलत असला, तरी घाबरल्यावर ‘जीव घुसमटतोय’ असेच म्हणण्याचा संभव असतो. म्हणून आदल्या दिवशीच त्याचे शब्द विचारून घ्यावेत आणि जवळ मराठी जाणणारी व्यक्ती बसवावी. नाकातील नळीवरचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा बोलताना तसाही खालीवर होतो, परंतु तो अचानक घसरून तसाच राहिला, तर दुर्लक्ष करू नये. छातीवर ठेवलेला डॉप्लर (ध्वनिलहरींनी हृदयातील हवा टिपणारे यंत्र) त्याहून संवेदनशील असतो. गिरणीच्या चाकासारखा आवाज ऐकू येईपर्यंत थांबणे मात्र घातकच, कारण तोवर बरीच हवा आत गेलेली असते.

शंका येताच शल्यचिकित्सकाला मोठ्याने सांगावे. त्याने जखम सलाईनने भरून ओल्या पट्ट्यांनी झाकावी व हाडाच्या कडांना मेण लावावे. त्याच वेळी आपण शंभर टक्के ऑक्सिजन सुरू करून टेबलाची डोक्याची बाजू खाली करावी. मानेतील शिरा हलकेच दाबल्यास हवा येण्याची जागा रक्ताने उघड होते. मध्यवर्ती शिरेत नळी आधीच असेल तर तिच्यातून हवा ओढावी, नसेल तर ती घालण्यात वेळ दवडू नये. रक्तदाब द्रव व औषधांनी सावरावा. डोके पिनांच्या चौकटीत पक्के अडकवलेले असताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते, म्हणून योग्य मापाचा लॅरिंजियल मास्क (घशात बसवून श्वास देण्याचे साधन) सुरुवातीपासून हाताशी हवा, आणि हृदय थांबल्यास चौकट कोण सोडवणार हेही आधीच ठरलेले असावे.

सुमारे पंचवीस टक्के प्रौढांत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील जन्मजात छिद्र पूर्ण बुजलेले नसते, आणि त्यातून शिरेतील हवा धमन्यांकडे जाऊ शकते. त्यामुळे या प्रसंगानंतर हातपाय लुळे पडले किंवा वाचा अडखळली, तर दोष केवळ शस्त्रक्रियेवर न टाकता मेंदूच्या धमनीत हवा गेली असेल, ही शक्यता तपासावी.