प्रवाळटाकीतील ट्रायडॅक्ना शिंपला: प्रकाश आणि खाद्य

प्रवाळटाकीत, म्हणजे जिवंत प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत, पाळल्या जाणाऱ्या ट्रायडॅक्ना शिंपल्याच्या रंगीत प्रावरणात (कवचाच्या फटीतून दिसणाऱ्या मांसल पडद्यात) सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याने प्रकाशात तयार केलेल्या अन्नावरच शिंपल्याचे बहुतेक पोषण होते. म्हणून खर्च आधी दिव्यावर करावा, खाद्याच्या बाटलीवर नंतर. क्रोसिया व मॅक्सिमा या जातींना तीव्र प्रकाश लागतो, तर डेरासा व स्क्वामोसा तुलनेने कमी प्रकाशातही तग धरतात. नवा शिंपला प्रथम मंद केलेल्या दिव्याखाली ठेवून २ ते ३ आठवड्यांत प्रकाश हळूहळू वाढवावा. जागा बदलताना खडकाला चिकटलेले त्याचे तंतू कधीही ओढू नयेत, कारण ती जखम जिवावर बेतू शकते. साधारण ५ सेंटिमीटरपेक्षा लहान शिंपल्यांना वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) थोडे थोडे द्यावे. मोठ्यांना मासे असलेल्या टाकीतील नायट्रेट (माशांच्या विष्ठेतून तयार होणारे, शैवालाला खत ठरणारे द्रव्य) बहुधा पुरते, मात्र कवचासाठी कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम राखावे.