जिनिंगच्या ट्रॅक्टरचा लोडर काढणे-चढवणे : वर्कशॉपमध्ये नवीन येणाऱ्या पोरांसाठी

आयटीआयमधून मेकॅनिक ट्रॅक्टर नाहीतर मेकॅनिक डिझेल, असा एक वर्षाचा ट्रेड करून पोरं येतात, इंजिन खोलायला सगळे एका पायावर तयार, पण लोडर, म्हणजे ट्रॅक्टरच्या तोंडाला दोन हातांवर लावलेली तेलाच्या दाबाने उचलणारी बकेट, काढायचा म्हटलं की कोणी चहा आणायला निघतो कोणी पाना शोधायला. आता आपल्याकडे हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या कापसाच्या पट्ट्यात काम शिकायचं तर लोडर टाळून कसं चालेल. दिवाळीच्या आसपास जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचं काम, सुरू होते, जुने फोर्ड 3600, एचएमटी असे ट्रॅक्टर समोर लोडर लावून दिवसभर कापसाचे ढीग ढकलत असतात आणि सीझन संपला की मालक म्हणतो लोडर उतरवा, ट्रॅक्टर ट्रॉलीला लावायचाय. म्हणजे उन्हाळ्यात काढा, दिवाळीआधी परत चढवा.

माझं मत विचाराल तर चढवताना जो त्रास होतो त्यातला बहुतेक काढतानाच पेरलेला असतो. म्हणून काढण्याबद्दलच जास्त सांगतो.

पहिली गोष्ट जागा. वर्कशॉपमागं मोकळी काळी जमीन दिसली म्हणून तिथं लोडर उतरवायचा नाही. मे महिन्यात ती दगडासारखी कडक लागते, पण पावसाळ्यात फुगते, चिखल होतो, लोडरची एक घोडी, म्हणजे खालचा टेकू, खाली बसते आणि ऑक्टोबरमध्ये ट्रॅक्टर आत घेतला की एका बाजूचं पिनीचं भोक जुळते अन् दुसऱ्या बाजूचं चार बोटं खाली. काँक्रीट असलं तर उत्तम, नाहीतर दाबलेला मुरूम आणि त्यावर जाड फळ्या.

काम सुरू करायच्या आधी लोडर ट्रॅक्टरच्या फ्रेमला धरून ठेवणाऱ्या सगळ्या पिनांवरची घाण काढा. जिनिंगच्या लोडरला ग्रीसमध्ये रुई बसून बसून काळा नमदा झालेला असतो, त्याच्या खाली स्प्लिट पिन आहे का बोल्ट आहे हेसुद्धा दिसत नाही. आणि अडकलेली पिन गरम करायला जिनिंगच्या आवारात गॅस कटर काढायचा नाही म्हणजे नाहीच, कापसाला ठिणगी पुरते. आदल्या दिवशी डिझेल सोडून ठेवा, रात्रभर मुरू द्या.

मग बकेट जमिनीवर सपाट टेकवायची, हँडब्रेक, मागच्या चाकांना ओट (दगड नाहीतर ठोकळा), लोडरच्या हातांखाली घोड्या. आता लिव्हर एकदम थोडा थोडा हलवून पिनांवरचं वजन उतरवायचं. आमचे मिस्त्री एकच वाक्य बोलायचे, "पोट्ट्या, पिन हातानं फिरते का पाह्य आधी, मंगच घन उचल." पिन हाताने फिरली म्हणजे वजन घोड्यांवर गेलं. साफ करून, डिझेल मुरवूनही घन मारल्याशिवाय हलत नसेल तर वजन अजून तिच्यावरच आहे आणि ती निघाली की लोडर कुठं झुकेल सांगता येत नाही. पिनीवर डायरेक्ट घन नको, मध्ये पितळेचा तुकडा धरा, कडक लोखंडाची कपची उडून डोळ्यात जाते. भोकं जुळली का हे पहारीने पाहायचं, बोटाने कधीच नाही.

इंजिन बंद केल्यावर दोन्ही लिव्हर सगळीकडे फिरवून प्रेशर सोडायचं, मगच होस, म्हणजे तेलाचे रबरी पाइप, खोलायचे, आणि खोलायच्या आधी प्रत्येक होसला अन् त्याच्या जागेला एकाच रंगाचा पेंट. होस उलटसुलट लागले तर लिव्हर खाली दाबला की लोडर वर जातो, आणि हे कळते तेव्हा समोर कोणीतरी उभा असतो.

आता तेलाला दाब देणारा पंप. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरला लोडरचा पंप समोर क्रँकवरून (इंजिनच्या मुख्य दांड्यावरून) चालतो, म्हणजे इंजिन चालू की पंप चालू, मग लोडर असो नसो. काहींमध्ये कंट्रोल वाल्व्हचा ब्लॉक लोडरसोबतच उतरतो आणि दाब फार वाढला की तेल सोडणारा रिलीफ वाल्व्ह त्या ब्लॉकमध्येच असतो. म्हणून नुसता डमी (बूच) ठोकून प्रेशरची लाईन बंद केली आणि स्टार्टर मारला तर तेलाला जायला जागाच नाही, सील उडतो, कपलिंग तुटते, कधी पंपाची बॉडी फुटते. प्रेशर लाईन रिटर्नला जोडून लूप करा किंवा पंपाचा शाफ्टच काढून ठेवा. तेल काढून पंप कोरडा फिरवणं हाही त्याला मारायचाच प्रकार आहे.

लोडर उचलणाऱ्या जॅकचे, म्हणजे सिलिंडरचे, रॉड जमेल तेवढे आत घेऊन ठेवा, उघड्या राहिलेल्या क्रोमवर ग्रीस चोपडा, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो आणि तो गंज पहिल्याच दिवशी सील फाडतो. मागचं जास्तीचं वजनही उतरवा, समोरचा लोडर गेल्यावर चढावर ट्रॉली ओढताना तोंड उचलते.

चढवायचं काम सकाळी घ्या. क्विक कपलर (दाबून बसवायचा जॉइंट) बंद करून ठेवलेल्या होसमधलं तेल उन्हात फुगते, आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो तिथं तर विचारूच नका, आणि ऑक्टोबरचं ऊनही कमी नसते, मग कपलर कितीही दाबा बसत नाही. हातोडा नको. सावलीत थंड होऊ द्या, तरी नाही जमलं तर जॉइंटवर फडकं गुंडाळून हळू ढिला करा.

ट्रॅक्टर आत घेताना मध्ये कोणी नाही, एकच माणूस बाजूने इशारा करणार. मधल्या काळात मालकाने टायर बदलले असतील तर उंची बदलते, आधी विचारा. फ्रेमचे बोल्ट 8.8 ग्रेडचे (जास्त ताकदीचे), डोक्यावर लिहिलेलं असते, बाजारातला साधा बोल्ट घालू नका. आवळताना एम16 ला (16 मिमी जाड) साधारण 200 न्यूटन मीटर, एम20 ला 400 च्या जवळपास. एक दिवस काम झालं की परत आवळायचे.

मग रिकामी बकेट हळूहळू वर-खाली करून हवा काढायची, जॅक आत घेऊन तेल बघायचं, आपल्याकडं 68 नंबरचं हायड्रॉलिक तेल चालते, आणि दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, बदला. गळती शोधायला पुठ्ठा फिरवा, हात नाही. दीडशे-दोनशे बार दाबाचं तेल बारीक छिद्रातून कातडीत घुसते, वरून सुईचा ठिपका दिसतो, दुखतही नाही, पण आत सडत जाते. असं झालं तर हळद लावत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात, ऑपरेशन लागते.

शिकायला यायचं असेल तर दसऱ्यानंतर या, तेव्हा सगळ्यांना घाई असते आणि हेल्परला कोणी नाही म्हणत नाही.